मेंदूच्या खोलात सेरोटोनिन आटतं तेव्हा

(पडद्यावर : एक्स-रे फिल्मवर उमटलेले उंदराच्या मेंदूचे दोन छेद)

हा उंदराच्या मेंदूचा छेद, कागदाहूनही पातळ. आतला गडद पट्टा म्हणजे स्ट्रायाटम, बेसल गँगलियाचा, म्हणजे मेंदूच्या खोलातल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशीपुंजांचा, सगळ्यात मोठा भाग. हालचाल सुरू करायची की आवरायची, हे इथे ठरू लागतं. पट्टा जितका गडद, तितका तिथे ‘सबस्टन्स पी’ या संदेशवाहक रसायनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याच्या सूचनेची पेशीतली प्रत, जास्त.

शेजारचा छेद फिका दिसतो. त्या उंदराच्या मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, काढून टाकलेलं आहे.

सबस्टन्स पी १९३१ साली उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सापडला. तो अकरा अमिनो आम्लांची साखळी आहे, हे कळायला १९७१ उजाडावं लागलं. ते काम सुझन लीमन यांच्या गटाचं.

असे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशी निरोपासाठी वापरतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सावकाश घडतात. सेरोटोनिन चेतापेशीच्या तंतूच्या टोकाशीच तयार होतं आणि वापरून झाल्यावर परत आत ओढलं जातं. पेप्टाइडसाठी मात्र आधी आरएनए हवा, त्यावरून लांबलचक प्रथिन, त्याचे तुकडे, मग पेशीपासून टोकापर्यंतचा प्रवास. एकदा बाहेर पडला की तो परत येत नाही. म्हणून संशोधक आरएनए मोजतात : पेशी पुढच्या कामाची काय तयारी करते आहे, ते त्यात दिसतं.

(पडद्यावर : मेंदूच्या देठापासून वर जाणारे तंतू)

स्ट्रायाटमला सेरोटोनिन मिळतं ते मेंदूच्या देठातल्या ‘रॅफे केंद्रकं’ नावाच्या पेशीपुंजांतून. ते दोन प्रकारे घालवता येतं. पॅरा-क्लोरोफेनिलॲलनिन हे औषध ते बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. डायहायड्रॉक्सीट्रिप्टामिन हे विष थेट तंतू मारतं.

आणि इथे खरी गंमत आहे. स्ट्रायाटममधल्या पेशी दोन वाटांनी संदेश पाठवतात. हालचालीला वाट मोकळी करणाऱ्या पेशींत सबस्टन्स पी आणि डायनॉर्फिन असतात, तिला आवर घालणाऱ्यांत एन्केफॅलिन; हेही न्यूरोपेप्टाइडच. डोपामाइन हे हालचालीशी निगडित दुसरं संदेशवाहक रसायन गेलं की सबस्टन्स पी घटतो आणि एन्केफॅलिन वाढतं. दोन्ही वाटा हलतात. सेरोटोनिन गेल्यावर सबस्टन्स पी घटतो, पण एन्केफॅलिनमध्ये तसा बदल दिसत नाही. सेरोटोनिनला नुसतं मनःस्थितीचं रसायन म्हणणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. हालचालीच्या एका वाटेला त्याचा सततचा आधार आहे.

पार्किन्सन्समध्ये डोपामाइनबरोबर सेरोटोनिनही घटतं, आणि तेही वेगळ्या जागी : डोपामाइनची झीज पुटॅमेनमध्ये जास्त, सेरोटोनिनची कॉडेटमध्ये (हे दोन्ही स्ट्रायाटमचेच भाग). या रुग्णांच्या बेसल गँगलियात सबस्टन्स पीसुद्धा कमी सापडतो. त्यातली किती घट कोणत्या रसायनामुळे, हे माणसाच्या मेंदूत वेगळं काढता येत नाही, कारण तिथे दोन्ही एकत्रच आटत जातात. उंदरात त्यांतलं एकच काढून पाहता येतं.