वरच्या थरातले तीन अंश

मंडळी, आपल्या इंदूरला हिम पडत नाही, पडल्या तर गारा. मावठ्यात गारांचा आवाज आला की मालव्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी हरभरा येतो. तरी आज हिमवादळावर बोलतोय, कारण इथल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत आणि जानेवारीत आपला फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती इंच सांगितलंय?" माझी मुलगी न्यू जर्सीत असते. मीही तेच विचारायचो. आता विचारतो, "वरच्या हवेत किती अंश आहेत?"

हिवाळी वादळात ढगातून निघतं ते बहुतेकदा हिमच. पुढे काय व्हायचं ते वाटेतल्या हवेवर ठरतं. समुद्राकडून येणारी उबदार हवा हलकी, ती जमिनीलगतच्या थंड हवेवर चढते आणि मध्येच शून्याच्या वरचा एक थर तयार होतो. हा थर एका अंशाच्या आत असेल तर हिम जवळपास तसंच उतरतं. एक ते तीनच्या दरम्यान ते अर्धवट वितळतं आणि खालच्या थंडीत पुन्हा गोठून टणक दाणे होतात. तीनच्या पुढे सगळंच वितळतं. मग ते थेंब खाली उणे दोन-तीन अंशांतही पाणीच राहतात, कारण ज्याच्याभोवती गोठावं असा बर्फाचा कणच उरलेला नसतो. तारेला, फांदीला, रस्त्याला टेकले की तिथल्या तिथे काच! हा गोठता पाऊस दिसायला अगदी साधा असतो, म्हणूनच मला त्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. १९९८च्या जानेवारीत माँट्रियलच्या परिसरात तो पाच-सहा दिवस येत राहिला. बर्फाच्या वजनाने विजेचे हजाराहून जास्त मनोरे कोसळले.

हे अंश मोजायला फुगा सोडतात, दिवसातून दोनदा. न्यू जर्सीच्या जवळचा फुगा लाँग आयलंडवरच्या अप्टनहून सुटतो, हिवाळ्यात तिथल्या सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या सुमाराचा. मधल्या वेळेत हवा बदलतेच.

आणि कशी बदलते, ते आपल्या माठाला विचारा. झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून माठ गार. कोरड्या हवेतून पाऊस पडू लागला की आकाशात तेच घडतं, दोन अंशांवरची हवा शून्याखाली येऊ शकते. म्हणून अंदाज बांधणारे ओल्या फडक्याच्या तापमापकाचा आकडाही बघतात, म्हणजे पाणी वाळून हवा कुठवर गार होईल ते. उलट, पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी सोडतं. त्या उष्णतेने गोठता पाऊस स्वतःच स्वतःला थांबवू पाहतो, पण उत्तरेकडची कोरडी थंड हवा येत राहिली तर थांबत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलाचियन डोंगररांगेच्या पूर्व बाजूला ही जड हवा बंधाऱ्यामागच्या पाण्यासारखी तुंबते, लवकर हटतच नाही. तिथे एका अंशाची चूकही महागात पडते.

रडारचा किरण दूर जाता जाता उंच जातो, जमिनीलगतचं त्याला दिसत नाही. म्हणून कोणीतरी दारात उभं राहून सांगावं लागतं. परवा मुलीला मी तेच सांगितलं. तिने काळ्या कोटाची बाही बाहेर धरली, मी व्हिडिओवर बघत होतो. आधी टपटप दाणे पडून उडत होते. दहा मिनिटांनी आवाज बंद झाला. बाहीवर नुसते थेंब होते. "बाबा, पाऊसच आहे," ती म्हणाली. मी तिला कोपर वाकवायला सांगितलं. बाही करकरली.