हरळी मरत नसती ओ

(पहाटेचा अंधार, अंगणातला नळ, मोटर सुरू झाल्याचा आवाज)

पहाटेचे साडेचार वाजलेत आणि जुळे सोलापुरातली आमची अख्खी गल्ली जागी आहे. कारण आज पाणी यायचा दिवस, मागचं येऊन पाच दिवस झालेत. हे पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं, आणि ते येतं तेव्हा आधी पिंप, मग हौद, मग वरची टाकी, मग कूलर, असा नंबर असतो. या लायनीत सगळ्यात शेवटी उभं आहे ते माझं लॉन. वीस बाय पंधरा फूट. घर बांधलं तेव्हा हौसेनं लावलं होतं, आणि पहिले दोन उन्हाळे त्याच्यापायी घरात जी भांडणं झाली ती मी इथं सांगत नाही.

लावून देणारा म्हणाला होता, साहेब, रोज दोन टाइम पाणी मारा, बाकी काही टेन्शन नाही. मी मारलं. सकाळी दहा मिनिटं पाइप, संध्याकाळी दहा मिनिटं पाइप, आणि एप्रिल संपेपर्यंत लॉन असं झालं की शेजारी विचारायला लागले, पेंढा टाकलाय का इथं. मग मी घाबरून भर दुपारी युरिया टाकला, त्रेचाळीस डिग्रीत. चार दिवसांत जिथं जिथं मूठ पडली होती तिथं तिथं गोल गोल जळालेले डाग. माझ्या मुठीचा आकार मला माझ्याच अंगणात मोजता येत होता.

(जवळून: खुरप्यानं उचललेला लॉनचा तुकडा)

हे बघा, हा तेव्हाच्या लॉनचा एक तुकडा. वर गवत, खाली बोटभर लाल माती, ती नर्सरीतून लॉनच्या गादीसोबत आलेली. मुळं सगळी त्या लाल मातीतच गोल गोल फिरलेली आहेत, खालच्या काळ्या मातीत एकही उतरलं नाही. का उतरेल? रोज दोन टाइम वरच्या वर पाणी मिळतंय की. आपण रोज शिंपडतो ते पाणी अर्ध्या इंचाच्या खाली जातच नाही, दुपारपर्यंत उडून जातं, आणि मूळ जिथं ओल तिथंच राहतं. म्हणजे गवताला तहान लागली होती ती पाणी कमी पडलं म्हणून नाही, मी ते चुकीच्या पद्धतीनं दिलं म्हणून.

हे मला कोणी सांगितलं तर मंगळवेढ्याच्या मामांनी. मामा आले, पाइप धरून उभा असलेला मला बघितला आणि म्हणाले, "काय करलालाव ओ हे? हरळीला पाणी पाजलालाव?"

आता इथं हसू नका. लॉनवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात, सिलेक्शन नंबर वन म्हणतात, ते सगळं आपल्या हरळीच्याच घराण्यातलं. गणपतीला वाहतो ती दुर्वा पण तीच. मामांनी उभं आयुष्य या हरळीशी मारामारी केलीय. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, बायका लावून हरळीच्या काशा, म्हणजे मातीतली कांडी, वेचायच्या, बांधावर ढीग घालून वाळवून जाळायच्या, आणि एवढं करून मृगाचा पाऊस पडला की चार ठिकाणी परत हिरवी टोकं वर. मामांचं म्हणणं एकच, की जी हरळी आम्ही नांगर लावून मारू शकलो नाही ती तुम्ही पाणी पाजून मारून दाखवली.

(मामा गुडघ्यावर बसून मातीची भेग बोटानं मोजताना)

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथली मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, वरून पाणी द्यायची सोय नसली तरी. काळी माती ओल धरून ठेवते आणि ज्वारीचं मूळ तिच्या मागं मागं खाली जातं. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन १९३३ पासून चाललंय, पण मामांना ते विचारायला जावं लागलं नाही. तीच गोष्ट लॉनला लावायची. पाणी क्वचित द्यायचं पण पोटभर द्यायचं.

पोटभर म्हणजे किती, तर साधारण आठवड्याला एक इंच, पंचवीस मिलिमीटर धरा. माझं लॉन अठ्ठावीस स्क्वेअर मीटर भरतं, म्हणजे सातशे लिटर. हे मोजायला मशीन लागत नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे असतात ना सरळ कडेचे, ते चार कोपऱ्यांत ठेवायचे, फवारा चालू करायचा आणि पट्टी बुडवून बघायची. माझ्याकडं एका कोपऱ्यात वीस मिलिमीटर आणि भिंतीकडं फक्त सहा निघालं, तेव्हा कळलं की तिथंच नेहमी का वाळतं. आणि एकदम सगळं ओतायचं नाही, काळी माती पाणी हळू पिते, दहा मिनिटं सोडलं की वाहून गटारात जायला लागतं. दहा मिनिटं सोडा, अर्धा तास चहा प्या, परत दहा मिनिटं. नंतर मोठा स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबायचा, जिथपर्यंत सहज गेला तिथपर्यंत ओल. अडला की तिथून खाली कोरडं. वेळ पहाटेचीच. दुपारी निम्मं हवेत जातं आणि रात्री मारलं तर पावसाळ्याच्या दिवसांत पानं रात्रभर ओली राहून बुरशी येते.

कधी द्यायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. लॉनवरून चालत जा आणि मागं वळून बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत उठलं नाही, रंग थोडा निळसर राखाडी दिसायला लागला, की समजायचं तहान लागलीय. ठसे लगेच पुसले तर पाइप ठेवून द्या.

मार्चपासून मशीनचं पातं पण वर घ्यायचं. थंडीत मी एक इंचावर कापतो, उन्हाळ्यात दोन इंच. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरवायचं नाही, आणि कापलेलं तिथंच पडू द्यायचं, मातीला तेवढीच सावली. युरियासारखं खत मात्र एप्रिल-मे मध्ये अजिबात नाही. माझी मूठ आठवा.

(नान्नजचा माळ, मे महिना, वाळकं सोनेरी गवत वाऱ्यावर)

आणि आता जी गोष्ट बायकोला पटली पण शेजाऱ्यांना अजून पटली नाही ती. मे महिन्यात लॉन पिवळं पडू द्या. खरंच. हा नान्नजचा माळ बघा, माळढोकाचं अभयारण्य, इथं कुणी टँकर आणत नाही. पवन्या, कुसळी, सगळं गवत वाळून जातं, जून आला की उठतं. हरळीला ऊन मानवतं, पस्तीस डिग्रीत ती मजेत वाढते. पाणी संपलं की वरची पानं सोडून देते आणि काशांमध्ये जीव धरून झोपते. तिला झोपू द्यायचं. मी मे मध्ये दहा-बारा दिवसांनी साडेतीनशे लिटर देतो, फक्त खालचा जीव टिकावा म्हणून, हिरवं दिसावं म्हणून नाही. त्या दिवसांत वर खुर्च्या मांडायच्या नाहीत, पोरांचं क्रिकेट बंद. मेक्सिकन लॉन असेल तर मात्र हा प्रयोग जपून, ते एवढं काटक नाही. खरं तर माझं मत विचाराल तर सोलापुरात ते लावूच नये.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी मातीवर पांढरा थर येतोय का बघत जा. तो क्षारांचा. मोठा पाऊस तो खाली धुऊन नेतो, तोवर शेणखत घाला.

वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर भुंगेरे येतात. हे हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, आईबाप. दिव्याखाली येतील तेवढे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका, नाहीतर ऑगस्टमध्ये लॉन सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं, खाली मूळच नसतं. लव्हाळा पण तेव्हाच फुटतो, तो गाठीसकट काढायचा, वरून उपटला की एकाचे चार. आणि पहारीनं वीतभर अंतरावर भोकं पाडून वाळू आणि चाळलेलं शेणखत पसरायचं, ते जूनमध्येच. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात, तोपर्यंत मुळं खाली गेलेली पाहिजेत.

(जून, ढगाळ सकाळ, कंपाउंडच्या भिंतीजवळचा मातीचा पट्टा)

या वर्षी भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा गेला. भिंत तापते, तिथं जीव पण टिकला नाही, मी तिथं लाल माती टाकायच्या तयारीत होतो. मामा म्हणाले थांबा. दोन पाऊस झाले, आणि हे बघा, बाजूनं दोन धुमारे निघालेत, प्रत्येक पेराला मूळ टेकवत भिंतीकडं चाललेत. काल एक वीत होता, आज सव्वा.

मामा फोनवर विचारत होते, आता तरी पाणी थांबवलं का.