तेलाच्या पातळ थरावर फिरणारा टर्बो

खोपोलीहून बोरघाट चढून आलेली एक गाडी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर थांबते, चालक लागलीच इंजिन बंद करतो आणि घरची मंडळी पाय मोकळे करायला खाली उतरतात. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी शांत झालेली दिसते. बॉनेटखाली मात्र याच क्षणी टर्बोची खरी परीक्षा सुरू झालेली असते.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची ऊर्जा वाया जाऊ न देता तिच्याच जोरावर इंजिनात अधिक हवा भरावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. आजच्या मोटारीतला टर्बो याच तत्त्वावर चालतो. एका शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, एका टोकाला तप्त वायूंच्या झोताने फिरणारे टर्बाइन असते, तर दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनाकडे पाठवणारे कॉम्प्रेसरचे चाक. हा शाफ्ट मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्या घेऊ शकतो, आणि पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर आदळणारे वायू ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असू शकतात. एवढ्या वेगाने फिरणारा शाफ्ट बहुतेक टर्बोंमध्ये धातूला टेकलेला नसतो. मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्या फटीत दाबाने येणाऱ्या तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. आतली उष्णता वाहून नेण्याचे कामही बऱ्याच अंशी हेच तेल करते.

घाट चढून येताच इंजिन बंद केले की तेलाचा पंपही थांबतो, पण टर्बाइनची उष्णता शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगकडे सरकतच राहते. तिथे अडकलेले तेल अक्षरशः करपते आणि त्याचा कोळसा तेलाच्या वाटेत चिकटतो. अनेक आधुनिक टर्बोंना कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वेढा असतो, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा छोटा पंप कूलंट फिरवत राहतो, त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, संपलेला नाही. म्हणून घाटानंतरचे शेवटचे एक-दोन किलोमीटर गाडी हलक्या पायाने चालवावी, आणि ते शक्य नसेल तर मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मगच बंद करावे. शहरात सावकाश चालवून घरी आल्यावर मात्र पाच-पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. त्यात केवळ इंधन जळते.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेल टर्बोपर्यंत पोहोचायला काही क्षण लागतात. त्या वेळी रेस करू नये. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचे तापमान सांगतो. तेल त्याहून सावकाश तापते, म्हणून पहिले काही किलोमीटर सबुरीनेच जावे.

थेट इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांना घाटात आणखी एक धोका असतो. वरच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकते आणि तो फटका पिस्टन फोडण्याइतका जोरदार असू शकतो. गाडी कण्हत चढू लागली की गिअर खाली घ्यावा.

आता गॅरेजमधल्या टेबलावर उघडून ठेवलेला हा टर्बो जवळून पाहा. शाफ्ट बोटाने हलवला की डगमगतो, यालाच मिस्त्री ‘प्ले आलाय’ म्हणतात. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा धुळीने झिजल्या आहेत, कारण एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण नीट बसलेले नव्हते. तेल आणणाऱ्या पाइपचे तोंड काळ्या कोळशाने निम्मे बुजले आहे. टर्बो गेला, असे आपण सहज म्हणून जातो, पण बहुतेक वेळा दोष त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या किंवा न पोहोचलेल्या तेलाचा असतो. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे तेल, ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या मुदतीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसह बदलणे हा माझ्या मते टर्बोचा सर्वांत स्वस्त विमा आहे. धूळ आणि रोजच्या छोट्या फेऱ्या असतील तर त्याहूनही आधी बदलावे. नेहमीपेक्षा मोठी शिट्टी, निळा धूर, कमी झालेला पिकअप किंवा डिपस्टिकवर वरचेवर खाली जाणारी तेलाची पातळी दिसली, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

मिस्त्री आता नवा टर्बो बसवत आहेत. जुना कोंडलेला पाइप त्यांनी बाजूला टाकला आहे, कारण तोच पुन्हा लावला तर नवा टर्बोही तेलावाचून जाईल. तेलाच्या छिद्रात स्वच्छ तेल ओतून ते शाफ्ट बोटाने सावकाश फिरवतात, खालच्या छिद्रातून तेल ओघळेपर्यंत. मगच पाइप जोडला जातो, आणि इंजिन सुरू झाल्यावरही ते बराच वेळ ॲक्सिलरेटरला हात लावत नाहीत.