काँक्रीट फोडून मोकळी केलेली नदी

[दृश्य: सिंगापूर, बिशान. दुपारची जोराची सर नुकतीच थांबली आहे. गढूळ पाणी, ओलं गवत, काठावर माणसं.]

हा बिशान–आंग मो किओ पार्क. क्षेत्रफळ ६२ हेक्टर. मधून वळणं घेत जाते ती कलांग नदी. काठाला गुडघाभर गवत आहे, पात्रात मोठाले दगड आहेत आणि पाणी उतरलं की मुलं त्या दगडांवरून पलीकडे जातात.

२००९ पर्यंत इथलं चित्र वेगळं होतं. पार्कच्या कडेने एक काँक्रीटचा नाला होता. तिरक्या बाजूंचा, सरळ रेषेत गेलेला, २.७ किलोमीटर लांब. कलांग म्हणायची ती एवढीच. पाऊस नसेल तेव्हा तळाशी पाण्याचा पातळ ओघळ, आणि पाऊस लागला की काही मिनिटांत भरून धावणारा लोंढा.

हा नाला बांधणाऱ्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सिंगापूरला वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही धो धो, तासा-दोन तासांच्या सरींनी. २ डिसेंबर १९७८ ला एका दिवसात तिथे ५१२ मिलिमीटर पाऊस कोसळला. घराघरांत पाणी शिरत असताना शहराला एकच गोष्ट हवी असते, पाणी लवकरात लवकर इथून जावं. काँक्रीट ते काम चोख करतं. म्हणून ओढे सरळ केले गेले, तळ आणि काठ बांधून काढले गेले. आज या छोट्याशा देशात नाले, कालवे आणि नद्या मिळून सुमारे ८ हजार किलोमीटरचं जाळं आहे.

अडचण पुढे सुरू होते, आणि ती समजून घ्यायला थोडं गणित लागतं. पाण्याच्या वाटेचा खडबडीतपणा मोजायला इंजिनिअर अजूनही रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरचं सूत्र वापरतात. ते त्याने १८८९ मध्ये मांडलं. गुळगुळीत काँक्रीटसाठी त्यात साधारण ०.०१५ हा आकडा धरतात, आणि गवताळ पात्रासाठी ०.०३ किंवा त्याहून जास्त. उतार तोच, पाण्याची खोली तीच, तरी गवतातून पाणी निम्म्या वेगाने जातं. पाण्याचा रेटा वाढतो तो वेगाच्या वर्गाने. वेग दुप्पट झाला तर माती ओरबाडण्याची ताकद चौपट होते.

म्हणजे काँक्रीटच्या नाल्यात आपण पाण्याला वेग देतो आणि तो वेग खालच्या वस्तीच्या हवाली करतो. नाला संपतो तिथे पाणी मातीवर आदळतं, खड्डा पाडतं, काठ खचवतं. मग तो काठ वाचवायला आणखी थोडं काँक्रीट. वरच्या प्रत्येक ओढ्याचं पाणी एकाच वेळी खाली पोचतं, आणि पूर टाळायला बांधलेले नाले मिळून खाली पुराचा माथा उंचावतात.

[दृश्य: काँक्रीटच्या अस्तराची जुनी भेग, जवळून. भेगेतून झिरपणारं पाणी.]

या भेगेकडे नीट पाहा. अस्तराच्या मागे माती आहे आणि मातीत पाणी मुरलेलं आहे. पूर ओसरला की नाला रिकामा होतो, मागचं पाणी मात्र तसंच तुंबून राहतं आणि आतून अस्तर ढकलत राहतं. त्याला बाहेर पडायला ठेवलेली भोकं गाळाने बुजली, तर एखादी फरशी बोटभर सरकते. पुढच्या पुरात पाणी त्या फटीतून मागे शिरतं आणि बारीक माती घेऊन बाहेर पडतं. वरून नाला धडधाकट दिसतो, आत पोकळी वाढत असते. मग एखाद्या रात्री दहा-पंधरा फूट बाजू एकदम आत बसते.

कलांगचा नाला जुना झाला होता, त्याची क्षमताही वाढवायची होती. सरळ उपाय होता: आणखी रुंद, आणखी खोल नाला. सिंगापूरच्या पाणी खात्याने, म्हणजे पीयूबीने, २००६ मध्ये ‘एबीसी वॉटर्स’ (अ‍ॅक्टिव्ह, ब्युटिफुल, क्लीन) हा नाले-नद्या स्वच्छ, सुंदर आणि लोकांना वापरता येतील अशा करण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यातून दुसरा विचार पुढे आला. नाल्याशेजारी पार्क आहे, पार्क उद्यान खात्याचा, नाला पाणी खात्याचा. दोघांनी मधली हद्द पुसली तर?

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत कठीण निर्णय तोच होता. काँक्रीट फोडणं त्यानंतरचं काम.

आराखडा केला जर्मनीच्या आतेलिए ड्राइझाइटल या संस्थेने. युरोपात नदीचे काठ झाडांच्या मुळांनी बांधायची पद्धत जुनी आहे, पण तिथली झाडं थंड हवेची. विषुववृत्तावरच्या मातीत आणि पावसात कोणती झाडं तग धरतील, हे इथेच तपासावं लागणार होतं. म्हणून २००९ मध्ये पार्कातल्याच एका छोट्या नाल्यावर ६० मीटरचा तुकडा घेतला. त्यावर दहा प्रकारे काठ बांधून पाहिला आणि सुमारे अकरा महिने तो पावसात ठेवला. त्यातले सात प्रकार पुढे नदीवर वापरले गेले.

[दृश्य: दोन हात फांद्यांची जुडी बांधत आहेत. काथ्याची दोरी.]

त्यातला एक प्रकार जवळून पाहू. सहज मुळं धरणाऱ्या झाडाच्या ओल्या फांद्या छाटायच्या, जळणाच्या मोळीसारखी त्यांची लांबच लांब जुडी बांधायची. काठाच्या पायथ्याशी चर खणून ती आडवी ठेवायची, लाकडी खुंट्या ठोकून धरायची आणि वर माती लोटायची. उरलेल्या उतारावर तशाच फांद्या अंथरायच्या. काही आठवड्यांत डोळे फुटतात, खाली मुळं जातात. जिथे पाण्याचा मार जास्त, तिथे दगडांचा थर आणि दगडांच्या फटीत खोचलेली छाटं. जिथे उतार उभा, तिथे जाळीत भरलेले दगड, किंवा कापडात गुंडाळलेल्या मातीचे एकावर एक थर आणि मधून बाहेर आलेली रोपं.

असा काठ पहिल्या दिवशी सर्वांत कच्चा असतो आणि दर वर्षी पक्का होत जातो. काँक्रीटचं नेमकं उलट.

याचा अर्थ काँक्रीट हद्दपार झालं असा नाही. धरणाचा सांडवा, पुलाखालचा भाग, तीव्र उताराची चरी, अशा ठिकाणी नुसतं गवत पुरत नाही. चांगलं मुरलेलं गवत वेगवान पाणी तास-दोन तास सोसतं, पण तेच पाणी दिवसभर चाललं की उपटून निघतं. तिथे भोकांचे काँक्रीट ब्लॉक वापरतात. खाली माती अडवणारं कापड, वर एकमेकांत अडकवलेले किंवा तारेने ओवलेले ब्लॉक, भोकांत माती आणि गवत. मागचं तुंबलेलं पाणी त्या भोकांतून सुटतं, मुळं कापडातून खाली उतरून सगळं एकत्र धरतात. बसवताना मात्र हात सांभाळून चालवावा लागतो. एका ब्लॉकची कड शेजारच्यापेक्षा वर राहिली, की वेगाचं पाणी तिला धरून तो ब्लॉक उचलतं आणि मग शेजारचे सैल होतात. पुढेही लक्ष ठेवावं लागतं. गवत हवं, पण पिंपळाचं रोप दिसलं की लगेच काढायचं, नाहीतर त्याची मुळं ब्लॉक उखडतात.

आता पुन्हा मॅनिंगकडे. पाणी निम्म्या वेगाने न्यायचं, तर तेवढंच पाणी जायला पात्र मोठं हवं. यातून पळवाट नाही. कलांगचा जुना नाला १७ ते २४ मीटर रुंद होता. आता मोठा पाऊस आला की नदी पार्कच्या हिरवळीवर पसरते आणि सुमारे १०० मीटर रुंद होते. पाणी वाहून न्यायची क्षमता जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढली. सरळ नाल्याच्या २.७ किलोमीटरची वळणांमुळे ३.२ किलोमीटर नदी झाली. फोडलेलं काँक्रीट पार्कातच रचून त्याची टेकडी केली. मार्च २०१२ मध्ये पार्क लोकांसाठी खुला झाला.

[दृश्य: काठावरचा इशाऱ्याचा भोंगा आणि लाल दिवा.]

लोकांना पाण्यापर्यंत जाऊ द्यायचं, तर त्यांच्या जिवाची जबाबदारीही घ्यावी लागते. वरच्या बाजूला पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत. पातळी चढू लागली की भोंगा वाजतो, दिवे लागतात, घोषणा होते. काठाचा उतार सौम्य ठेवला आहे, त्यामुळे माणूस चालत वर येऊ शकतो. काँक्रीटच्या नाल्यात घसरलेल्याला ती सोय नव्हती.

काही वर्षांनी इथे पाणमांजरांचं एक कुटुंब राहायला आलं आणि सगळ्या देशाचं लाडकं झालं. गोव्यात चोडण बेटाच्या कांदळवनात दिसतात, त्याच जातीची ही पाणमांजरं.

आणि आपल्याकडे? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर मिठी नदीच्या दोन्ही काठांना भिंती उभ्या राहिल्या. पुण्यात कात्रजहून उतरणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घरं आणि माणसं नेली. मिठीच्या खालच्या भागात भिंतीला टेकून घरं आहेत. तिथे १०० मीटर सोडा, दहा मीटर मिळणंही अवघड. त्या घरांतल्या माणसांना उठवून हिरवळ करा, असं मी म्हणणार नाही. पण विहार तलावाच्या सांडव्यापासून मिठी खाली येते ती आरेतून, आणि तिथे अजून मोकळी जमीन आहे. पाणी संथ करायचं तर ते वरच्याच टप्प्यात करावं लागतं, आणि त्याचा फायदा खाली कुर्ल्याला मिळतो. काठाच्या पुढच्या भिंतीचं टेंडर काढण्याआधी या पट्ट्याची मोजणी व्हावी. कुठे किती रुंदी मोकळी आहे, ती जमीन कोणकोणत्या खात्यांकडे आहे, आणि त्यांच्यातली कोणती हद्द पुसता येईल, हे त्या मोजणीत आलं पाहिजे.