कानाने वाचायचा होमर

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठात मानव्यविद्येच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात हातात एक जाडजूड पुस्तक पडतं. होमर या प्राचीन ग्रीक कवीचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, इलियड. २४ सर्ग, १५,६०० हून जास्त ओळी. मुखपृष्ठावर बहुधा शिरस्त्राण. शिरस्त्राणाशिवाय इलियड छापायला बंदी आहे की काय, कोण जाणे. ज्या काव्याच्या शेवटच्या सर्गात एक म्हातारा बाप मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या तंबूत जातो, त्यावर दर वेळी ते पितळी टोपडं कशाला? असो.

विद्यार्थी वाचायला बसतात आणि तिसऱ्या सर्गाच्या आत तक्रार सुरू होते. तेच तेच येतं हो! ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलीस आला की ‘वेगवान पायांचा अकिलीस’. धावत असला तरी वेगवान पायांचा, तंबूत रुसून बसला असला तरी वेगवान पायांचा. निरोप असेल तर सांगणाऱ्याने सांगायचा, मग निरोप्याने तोच पुन्हा सांगायचा. मग विद्यार्थी काय करतो? ओळी गाळतो. आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. आजचं बोलणं एवढ्यासाठीच आहे: ओळी गाळू नका. का गाळू नका, ते सांगायला एक हकिगत सांगतो.

मिलमन पॅरी नावाचा एक अमेरिकन अभ्यासक होता. जन्म १९०२ चा. १९२८ मध्ये त्याने पॅरिसला प्रबंध सादर केला, तो नेमका या ‘वेगवान पायांच्या’ प्रश्नावर. त्याने ओळी अक्षरशः मोजून काढल्या. दिसलं असं, की अकिलीसला कोणतं विशेषण लागायचं हे अकिलीस काय करतोय यावर ठरतच नाही. ओळीच्या शेवटी छंदाची किती जागा उरली आहे, यावर ठरतं. जागा मोठी असेल तर ‘वेगवान पायांचा दिव्य अकिलीस’, लहान असेल तर नुसता ‘दिव्य अकिलीस’. प्रत्येक जागेला एक तयार तुकडा, आणि एका जागेला सहसा एकच. इतकी काटेकोर सोय एकट्या कवीने टेबलाशी बसून केलेली असणं शक्य नाही, असं पॅरीचं म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी घासूनपुसून ती बनवली असणार.

म्हणणं ठीक आहे, पण पुरावा? होमर तर काही सांगायला येत नाही. म्हणून पॅरीने ठरवलं, अजून असं गाणारी जिवंत माणसं जिथे असतील तिथे जायचं. १९३३ मध्ये तो युगोस्लावियात गेला, आणि १९३४-३५ मध्ये पुन्हा, जास्त दिवसांसाठी. बरोबर आल्बर्ट लॉर्ड नावाचा तरुण मदतनीस होता. निकोला वुय्नोविच नावाचा स्थानिक सहकारीही होता, स्वतः गाणारा. आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. त्या काळी ॲल्युमिनियमच्या तबकडीवर मुद्रण करायचं, आणि एक बाजू थोड्याच मिनिटांत भरायची. गाणारा तर तासन्‌तास गाणार, त्याला मध्येच थांबवलं तर रंग जाणार. म्हणून पॅरीने दोन तबकड्यांचं यंत्र बनवून घेतलं होतं. एक भरत आली की कळ दाबायची, मुद्रण दुसरीवर सुरू. रेडिओवर काम करणाऱ्या माणसाला हे यंत्र पाहिल्यावर गहिवरून येईल. आता मोबाइलवर तीन तासांचं व्याख्यान मुद्रित करून ठेवतात आणि एकदाही ऐकत नाहीत, तो विषय वेगळा.

तर १९३५ चा उन्हाळा. आजच्या माँटेनेग्रोतलं बियेलो पोल्ये हे गाव. तिथे पॅरीला आव्दो मेजेदोविच भेटला. साठीच्या आसपासचा, धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. गुस्ले नावाचं एकतारी वाद्य गजाने वाजवत तो वीरगाथा गायचा. एक गाथा त्याने तोंडी सांगितली आणि निकोलाने लिहून घेतली. तिच्या ओळी भरल्या १२,३११. श्रोतेहो, होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याच्या, ओडिसीच्या ओळी साधारण १२,१०० आहेत! म्हणजे अक्षरओळख नसलेला माणूस ओडिसीएवढं काव्य तोंडाने रचू शकतो, हे पहिल्याच फटक्यात सिद्ध झालं.

पण पॅरीचं समाधान झालं नाही. आव्दोने हे पाठ केलेलं असलं तर? म्हणून त्याने एक परीक्षा घेतली, आणि आव्दोला पत्ता लागू न देता घेतली. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाचा दुसरा गायक होता. आव्दोने आयुष्यात कधी ऐकलेली नाही अशी एक गाथा त्याला येत होती. पॅरीने ती मुमिनला गायला सांगितली. आव्दो शेजारी बसून ऐकत होता. गाथा संपली. २,२९४ ओळी. मग पॅरी आव्दोकडे वळला आणि विचारलं: कशी वाटली? आणि तुम्हाला येईल का गाता, कदाचित याच्याहून चांगली?

आव्दोने आधी मुमिनची तारीफ केली. मग गुस्ले घेऊन गायला बसला. आता मुमिन ऐकणारा. रागावला नाही तो, मजेत ऐकत राहिला, आणि आव्दोही गाता गाता आपल्या या जोडीदाराला उद्देशून बोलत राहिला. एकदाच ऐकलेली गाथा, पहिल्यांदाच गातोय. किती ओळी झाल्या असतील? ६,३१३. जवळजवळ तिप्पट! कथा तीच, घटनांचा क्रम तोच. पण सभेचं वर्णन सविस्तर झालं, घोडे आणि कपडे सजले, आणि नायकाच्या मनात काय चाललंय तेही आलं.

हे त्याला कसं जमलं? स्मरणशक्ती हे अर्धंच उत्तर झालं. पाठ करणारा २,२९४ ओळींच्या २,२९४ च परत देईल. आव्दोजवळ तयार तुकड्यांचा साठा होता. सभा भरते तेव्हाच्या ओळी, वीर शस्त्रं चढवतो तेव्हाच्या ओळी, घोड्यावर खोगीर पडतं तेव्हाच्या ओळी. कथेचा सांगाडा कानावर पडला की तो त्यावर हे तुकडे, त्या क्षणी, त्या श्रोत्यांसमोर बसवत जायचा. तुकडा तोंडातून बाहेर पडत असताना डोकं पुढच्या प्रसंगाची जुळवाजुळव करायचं. म्हणून पुनरुक्ती. पुनरुक्ती हा तोंडी रचनेचा श्वास आहे. ती काढली तर गाणाराही अडेल आणि ऐकणाराही.

पॅरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला, गोळी लागून, वयाच्या ३३ व्या वर्षी. काम पुढे लॉर्डने नेलं. होमर नेमका कोण, इलियड कागदावर कधी आलं, यावर विद्वान आजही भांडतात. भांडोत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यात उडी घ्यायचं कारण नाही. त्याने एवढंच धरायचं, की हे काव्य ऐकण्यासाठी घडलं आहे. ऐकण्यासाठी.

आता याचा अभ्यासात उपयोग काय? नववा सर्ग उघडा. अकिलीस लढाई सोडून बसलाय. ग्रीक सैन्याचा सेनापती अगामेम्नॉन घाबरलाय आणि त्याला वळवायला भेटींची यादी सांगतो: सात तिपाया, सोन्याची दहा मापं, वीस कढया, बारा घोडे, सात स्त्रिया, अकिलीसकडून हिरावून नेलेली बंदी स्त्री ब्रिसेइस परत, पुढे लग्नाला आपली मुलगी आणि सात नगरं. ही यादी १२२ व्या ओळीपासून सुरू होते. मग ओडिसियस हा ग्रीक सरदार अकिलीसच्या तंबूत जातो आणि २६४ व्या ओळीपासून तीच यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो. इथे विद्यार्थी पान उलटतो. हे वाचलंय की!

थांबा. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि शेवट बघा. अगामेम्नॉनने १५८ ते १६१ या चार ओळींत आणखी एक गोष्ट म्हटली होती. अकिलीसने नमतं घ्यावं. न नमणारा तो मृतांच्या जगाचा देव हेडीस, म्हणून तर माणसांना सगळ्या देवांत तो नकोसा. अकिलीसने माझ्यापुढे झुकावं, कारण राजा म्हणून मी मोठा आणि वयानेही मोठा. ओडिसियस या चार ओळी गिळतो. त्यांच्या जागी म्हणतो: अगामेम्नॉनचा राग असेल तर असू दे, बाकीच्या सैनिकांची तरी दया कर. बाकी सगळं तसंच. आणि अकिलीसचं उत्तर काय? मनात एक ठेवून दुसरंच बोलणारा माणूस मला हेडीसच्या दारासारखा नकोसा वाटतो. ३१२ वी ओळ. गाळलेल्या ओळी अकिलीसने ऐकलेल्या नाहीत, पण श्रोत्यांनी ऐकल्या आहेत. हेडीस त्यांच्या कानात अजून घुमतोय. यादी दुसऱ्यांदा आली नसती, तर काय गाळलं हे कळलंच नसतं.

तेव्हा पुनरुक्ती आली की पेन्सिल घ्या आणि आधीच्या जागेशी ताडून बघा. काय वाढलं, काय गळलं, काय बदललं. पेन्सिलच घ्या, पिवळा रंगीत पेन नको. त्या पेनाने पान रंगतं आणि वाचल्यासारखं वाटतं, एवढंच.

वेळेचा हिशोब सांगतो. एक सर्ग सरासरी साडेसहाशे ओळींचा, मोठ्याने वाचायला साधारण तास लागतो. दोन आठवड्यांत सगळं संपवायचं असेल तर चोवीसच्या चोवीस मोठ्याने वाचणं होणार नाही. पहिला, नववा, बाविसावा आणि चोविसावा, हे चार मोठ्याने वाचा. या चारांच्या २,६०० हून थोड्या जास्त ओळी होतात, म्हणजे चार-साडेचार तास. बाकीचे मनात. दुसऱ्या सर्गात ४९४ व्या ओळीपासून जहाजांची यादी लागते. तिच्यावरून नुसती नजर फिरवली तरी आकाश कोसळत नाही. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. साठ पानांची प्रस्तावना आधी वाचली की काव्य वाचायला दमच उरत नाही, आणि निबंधात मतं प्रस्तावनाकाराची उतरतात.

दोन चुका हमखास होतात. पहिली, लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच. दोन्ही इलियडमध्ये नाहीत. इलियड ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं. घोडा भेटतो तो ओडिसीच्या आठव्या सर्गात आणि रोमन कवी व्हर्जिलच्या एनिडच्या दुसऱ्या सर्गात. दुसरी चूक ओळक्रमांकांची. काही पद्यानुवादांत अनुवादकाच्या ओळी मूळ ग्रीक ओळींशी जुळत नाहीत. मग समासात त्याच्या ओळींचे क्रमांक असतात आणि मूळ क्रमांक पानाच्या माथ्यावर. निबंधात कोणते दिले ते एकदा लिहून टाका, नाहीतर तपासणाऱ्याला तुमचं अवतरण सापडतच नाही.

होमरनंतर प्लेटो येतो. तिथे पान क्रमांक तर मुळीच देऊ नका. १५७८ च्या एका छापील आवृत्तीची पानं आणि ‘ए’ ते ‘ई’ ही अक्षरं जगभर वापरतात, प्रत कुठलीही असो. गुहेचा दृष्टान्त म्हणजे प्लेटोचा रिपब्लिक हा संवाद, ५१४ ए. ही अक्षरं समासात असतात.

आणि प्लेटोच्या संवादात बोलणारा कोण ते आधी बघा. ‘न्याय म्हणजे बलवानाचं हित’ हे वाक्य ‘प्लेटो म्हणतो’ असं घालून निबंधात येतं. प्लेटो कशाला म्हणेल? ते रिपब्लिकमधलं एक पात्र, थ्रासिमाकस म्हणतो, ३३८ सी, आणि पुढे सॉक्रेटिस ते मोडून काढतो. सुरुवात युथिफ्रो या संवादापासून करा, लहान आहे, २ ए ते १६ ए. कागदावर तीन रकाने पाडा: व्याख्या, सॉक्रेटिसची हरकत, हरकतीनंतर काय बदललं. युथिफ्रो आपल्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालाय आणि पावित्र्य म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही. १० ए ला पोचलात की वाचन थांबवा आणि तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहा. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? इथे गडबड झाली तर पुढची पाच-सहा पानं डोक्यावरून जातात.

एक शेवटचं. सत्र संपलं म्हणून इलियडची प्रत विकून टाकू नका. प्लेटोच्या अपॉलॉजीत २८ बी पासून पुढे सॉक्रेटिस न्यायालयात, मृत्यूची भीती का नाही हे सांगताना, अकिलीसचं उदाहरण देतो, आणि ते इलियडच्या अठराव्या सर्गातलं आहे. रिपब्लिकच्या तिसऱ्या पुस्तकात, ३९३ डी पासून, तो इलियडचा पहिला प्रसंग छंद काढून, संवाद काढून, नुसत्या गद्यात सांगून दाखवतो. मूळ प्रसंग मोठ्याने वाचून घ्या आणि लगेच ते गद्य वाचा. काय गेलं, ते कानाला कळेल, आणि प्लेटोला ते घालवायचंच का होतं, यावर पुढच्या तासाला वर्गात वाद घालता येईल.

नमस्कार.