किरकोळ वाद

समोर बहुतेक रेक्टर आणि विद्यार्थी विकास अधिकारी बसले आहेत, म्हणून आपल्या टेबलावरच्या तक्रारवहीपासूनच सुरुवात करते. मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असताना त्या वहीत माझ्याच अक्षरात एक नोंद होती : ‘खोली क्र. १४. विद्यार्थिनींमधील किरकोळ वाद. समज दिली.’

झालं होतं ते असं. मणिपूरची एक मुलगी एमएस्सीला आली होती. तिच्या कपाटात न्गारीची बाटली असायची. न्गारी म्हणजे आंबवलेली मासळी. आपल्याकडे सुकट, जवळा असतो, तसा तिकडे हा घरोघरचा जिन्नस. खोलीतल्या दोघींनी ती बाटली उचलून पॅसेजमध्ये ठेवली आणि कपाटावर ‘चायना परत जा’ असा कागद चिकटवला. मेसच्या रांगेत ‘ए चिंकी, सरक’ हे तर रोजचंच. तीन आठवडे सोसून ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, ‘अगं, लक्ष नको देऊस. गंमत करतात पोरी. आणि ती बाटली जरा बांधून ठेव.’ ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि गेली. त्यानंतर चार महिने माझ्या दाराशी फिरकली नाही. मेसमध्ये जेवायची बंद झाली होती, तेही मला नंतर कळलं.

तिला दिलेल्या शिवीला मी गंमत म्हटलं होतं, आणि वहीत तिचा ‘वाद’ केला होता. वादाला दोन बाजू असतात. इथे एकीला हिणवलं जात होतं आणि दोघी हिणवत होत्या.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून एका दुकानात टिंगल झाली. त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात टिंगलीनेच झाली होती, हे मला विसरता येत नाही. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. वांशिक शेरेबाजीसाठी कायद्यात वेगळं कलम घाला, असं तिने सुचवलं. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण अशा शिवीसाठी स्वतंत्र कलम काही आलं नाही. याचा मला राग आहे.

पण म्हणून आपले हात बांधलेले आहेत, असं कुणी म्हणू नये. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. वर्ण, वंश, दिसणं, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषा, जन्मस्थान यांवरून कुणाला छळणं किंवा वाळीत टाकणं हे आता रॅगिंग आहे. छळ झालेला विद्यार्थी पहिल्या वर्षाचाच असावा लागतो, असंही नाही. मुलं दरवर्षी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरतात ते याच नियमांखाली, आणि आपण ते न वाचता फाइलला लावतो. शिवाय महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर संस्थाप्रमुखच रॅगिंगला मदत करणारा ठरतो. मुलगी अनुसूचित जमातीची असेल तर आणखी एक गोष्ट. ‘तिची जात महाराष्ट्राच्या यादीत नाही, अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही’ हे उत्तर आता चालणार नाही. त्या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. हा आकडा मेसच्या दारावर लावा, ऑफिसात लावून उपयोग नाही.

आफ्रिकेतून आलेल्या मुलांचं आणखी अवघड. पोलिसांत गेलो तर व्हिसाचं काही होईल, या धास्तीने ती बोलतच नाहीत. त्यांच्याबरोबर ठाण्यात आपल्यातल्या कुणी जाऊन बसावं लागतं, निव्वळ पत्ता सांगून भागत नाही.

चार महिन्यांनी त्या मुलीला तिकडचीच एक सीनियर माझ्याकडे घेऊन आली. या वेळी मी पेन उघडलं. शिवी होती तशी लिहिली, अवतरणचिन्हात. तारीख, जागा, रांगेत मागे कोण होतं, सगळं. कपाटावरच्या कागदाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. त्याचा प्रिंट लावला, अर्जावर आवक क्रमांक घातला आणि एक प्रत तिच्या हातात दिली. ती प्रत तिने दोनदा वाचली, मग घडी घालून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मी आधीच्या वाक्याबद्दल तिची माफी मागितली. मग विचारलं, ‘तुला काय हवंय?’

मला वाटलं होतं, ती खोली बदलून मागेल. आपण नेहमी तेच करतो ना, जिला त्रास झाला तिलाच सामान उचलायला लावतो. ती म्हणाली, ‘मॅडम, मी खोली सोडणार नाही. खिडकीजवळची कॉट माझी आहे.’

समितीपुढे चौकशी झाली, त्या दोघींवर कारवाई झाली आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं. ती चौदा नंबरमध्येच राहिली, एमएस्सी पूर्ण होईपर्यंत. बाटली कपाटातच होती.