लिस्बनचा पहिला दिवस: कार्मोपासून नदीपर्यंत

नमस्कार मंडळी. लिस्बनला जाणाऱ्या बऱ्याच सहलींची सुरुवात बेलेम या नदीकाठच्या भागापासून होते. बस जेरोनिमोस मठाच्या दारात थांबते, आत वास्को द गामाची कबर बघून होते, नदीतल्या बुरुजासमोर फोटो निघतात आणि दुपारपर्यंत सगळे परत बसमध्ये. बेलेम बघायलाच हवं. पण आमच्या गटासाठी मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि तुमच्यासारख्या वसईकरांनीही तसंच करावं असा माझा आग्रह आहे. भूकंपात बेलेमला फारसा धक्का बसला नाही. शहराचा मधला भाग मात्र १ नोव्हेंबर १७५५ रोजी कोसळला आणि नंतर नव्याने बांधला गेला. आधी तो पायी बघितला तर पुढचं सगळं नीट लागतं.

आम्ही वर, टेकडीवरच्या कार्मो मठापासून निघालो. १३८९ मध्ये पाया घातलेलं हे गॉथिक चर्च. भिंती उभ्या आहेत, खांब उभे आहेत, वरच्या दगडी कमानीही उभ्या आहेत, पण मधल्या दालनाला छप्पर नाही. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हलली तेव्हा चर्च माणसांनी भरलेली होती आणि मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जे बाहेर पडू शकले त्यांतले कितीतरी मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि थोड्याच वेळाने समुद्राचं पाणी नदीतून वर चढलं. उरलंसुरलं आगीने गिळलं, आणि ती आग कित्येक दिवस विझली नाही. कार्मोची दुरुस्ती पुढे सुरू झाली होती, पण १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघच बरखास्त केले आणि काम अर्धवट राहिलं. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

मठाबाहेरच्या चौकात जरा जास्त वेळ थांबा. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला, तेव्हा पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच चौकातल्या बराकीत आसरा घेऊन होते आणि इथेच त्यांनी सत्ता सोडली. गोवा १९६१ च्या डिसेंबरमध्ये मुक्त झाला खरा, पण पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. या उठावानंतर, १९७४ च्या अखेरीस करार झाला आणि गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. आमच्या गटात म्हापशाच्या एक आजी होत्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराकीच्या दारासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मीही त्यांना घाई केली नाही.

मग उतरण. कार्मोहून रोसियो चौकात पायऱ्यांनी उतरता येतं. खाली काळ्यापांढऱ्या दगडांची लाटांची नक्षी आहे. दिसायला देखणी, पण हे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत होतात आणि पाऊस पडला की पाय घसरतात. रबरी तळव्याचे बूट घाला, ज्येष्ठांनी काठी घ्या. आणखी एक: जेवायला बसल्यावर न मागता ब्रेड आणि ऑलिव्ह येतात. ते खाल्ले तर बिलात लागतात, नको असतील तर तसं सांगून परत पाठवायचे.

रोसियोपासून नदीपर्यंतचा सपाट भाग म्हणजे बायशा. माझ्या मते लिस्बनचं खरं आश्चर्य हेच. भूकंपानंतर राजा पहिला जोसे दगडी इमारतीत राहायला धजावेना, तो लाकडी वाड्यात राहू लागला. कारभार हाती घेतला त्याच्या मंत्र्याने, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला. मुख्य अभियंता होते मानुएल दा माया, वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात. त्यांनी पर्याय मांडले: होतं तसंच शहर बांधावं, रस्ते रुंद करून बांधावं, सगळं पाडून नव्याने आखावं, नाहीतर ही जागा सोडून बेलेमकडे नवं शहर वसवावं. शेवटी ढिगारे सपाट करून सरळ, रुंद रस्ते आखायचं ठरलं. सोनारांचा रस्ता, चांदीकारांचा, चांभारांचा, अशी धंद्यांवरून पडलेली नावं आजही पाट्यांवर आहेत.

घरं मात्र बाहेरून बघून कळत नाहीत. गटातल्या एका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर काकांनी रस्त्यातच आम्हाला समजावलं. प्लॅस्टरच्या आत, भिंतींमध्ये, तिरप्या फुल्या असलेला लाकडी सांगाडा आहे. त्याला तिथे गायोला म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांत खांब-तुळयांनी घर तोललेलं असतं, तसाच विचार, पण मुद्दाम भूकंपासाठी केलेला. सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं सांगतात. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर नेली, म्हणजे आग पलीकडे जाणार नाही. खालची जमीन गाळाची, म्हणून पाइनचे खुंट ठोकून त्यांवर पाया घातला. रुआ दोस कोर्रेएरोसवर एका बँकेच्या तळघरात हे खुंट बघायला मिळतात, आणि त्यांच्या शेजारीच रोमन काळातले मासे खारवायचे हौदही. काका तिथून निघायला तयार नव्हते!

देशभरच्या धर्मगुरूंना तेव्हा एक प्रश्नावलीही पाठवली गेली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की आधी चढला? त्यांची उत्तरं आजचे भूकंपतज्ज्ञही वापरतात.

रुआ ऑगस्टाची कमान ओलांडली की तेजो नदीसमोरचा मोठा चौक लागतो. इथे राजवाडा होता आणि भारताच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारं ‘कासा दा इंडिया’ही. १७५५ मध्ये दोन्ही गेली. वसई चिमाजी अप्पांनी घेतल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. भारताच्या व्यापाराची किती कागदपत्रं त्या इमारतीबरोबर नाहीशी झाली, याची कल्पनाच करवत नाही. लिस्बनच्या किल्ल्यातल्या बुरुजात ठेवलेलं राजाचं दफ्तर मात्र बुरूज कोसळूनही वाचलं. ‘तोरे दो तोंबो’ नावाच्या त्या दफ्तराचे प्रमुखही मानुएल दा मायाच होते. ज्यांच्या देखरेखीखाली पुढे बायशाचे रस्ते आखले गेले, त्यांनीच ढिगाऱ्यातून कागद काढून सुरक्षित जागी हलवले.

हे दफ्तर १९९० पासून विद्यापीठ परिसरातल्या नव्या इमारतीत आहे आणि तिथे मेट्रोने जाता येतं. गोव्याहून जहाजांबरोबर झालेल्या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड तिथे आहेत. तुमच्यापैकी कुणाला पोर्तुगीज येत असेल आणि वसईच्या इतिहासावर काम करायची इच्छा असेल, तर बेलेम झाल्यावर एक दिवस त्यासाठी राखून ठेवा आणि मला आधी कळवा, आपण मिळून तयारी करू.